जुन्या फोर बाय फोर जीप-जिप्सीचे गचके कमी कसे करायचे? खर्च करण्याआधी तपासायच्या गोष्टी

गारगोटी : भुदरगड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे कडगाव, पाटगाव आणि त्याच्यापुढच्या वाड्या-वस्त्यांवर आजही जुन्या फोर बाय फोर गाड्यांचा दबदबा टिकून आहे. महिंद्राची एमएम ५४०, त्याआधीच्या सीजे मालिकेतल्या जीप, मारुतीची जिप्सी, जुनी बोलेरो, पहिल्या पिढीतली थार या गाड्या कुणाच्या शेडमध्ये हौसेने ठेवलेल्या असतात, तर कुणाच्या घरात रोजच्या कामाच्या असतात. पावसाळ्यात चिक्केवाडीसारख्या भागात साधी कार नेण्याचा विचारही कुणी करत नाही. तिथे हीच गाडी बाजार आणते, दूध नेते आणि वेळ आली तर पेशंटलाही गारगोटीला आणते.

गाडी पोचवते यात शंका नाही, पण पोचेपर्यंत कंबरडं मोडून काढते. मणक्याचा त्रास असलेली म्हातारी माणसं, ऑपरेशन झालेला पेशंट किंवा दिवस गेलेली बाई मागच्या सीटवर असेल तर प्रत्येक खड्ड्याला चालवणाऱ्याचाही जीव वर-खाली होतो. "जीप म्हणजे दणकणारच" असं म्हणून बरेच जण हा विषय सोडून देतात. काही जण उलट टोकाला जातात आणि कुणाचं तरी ऐकून महागडे शॉकॲब, मोठे टायर नाहीतर उंची वाढवायचं किट बसवून मोकळे होतात. पैसे जातात आणि गाडी आधीपेक्षा जास्त दणकते.

खरं तर जुन्या गाडीचा निम्मा त्रास गंज, सुकलेले बुश, चुकीची हवा आणि पूर्वीच्या मालकाने घातलेले जादा पाटे यामुळे असतो. तो कमी खर्चात जातो. उरलेला त्रास गाडीच्या मूळ रचनेचा आहे, तो कमी करता येतो पण पूर्ण घालवता येत नाही. कुठला त्रास कुठल्या प्रकारचा हे ओळखायचं कसं आणि कामाचा क्रम कसा लावायचा, याची ही माहिती.

गाडी इतकी दणकते का?

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीज ही दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेली लष्करी गाडी. आडवे पक्के ॲक्सल, चारही बाजूंना कमानपाटे आणि शिडीसारखी चॅसी अशी तिची रचना. गाडी कुठेही जावी, मोडली तर कुठेही दुरुस्त व्हावी, एवढाच हिशेब त्यात होता. बसणाऱ्याच्या आरामाचा विचार त्यात शेवटी आला. १९८५ साली आलेली जिप्सीही जपानी सुझुकी एसजे ४१० या गाडीवर आधारलेली आणि तिलाही चारही बाजूंना पाटेच.

यात तीन अडचणी एकत्र येतात.

पहिली म्हणजे गाडी हलकी आणि पाटे ताठ. रिकामी जिप्सी साधारण एक हजार किलोची. पण पाटे बनवले ते माणसं आणि सामान भरून, वर खडबडीत रस्त्याचे धक्के सोसण्यासाठी. गाडीत एकटा ड्रायव्हर असला की पाटा वाकतच नाही, धक्का सरळ अंगावर येतो. म्हणूनच पाच-सहा माणसं बसली की तीच जीप "मऊ" वाटते.

दुसरी अडचण चाकांमधल्या अंतराची. जुन्या सीजे ३बी जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ८० इंच म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर अंतर होतं. एमएम ५४० चं ९१ इंच, जिप्सीचं २३७.५ सेंटिमीटर. अंतर कमी असलं की पुढचं चाक खड्ड्यातून वर येतं न येतं तोच मागचं चाक खाली जातं आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलते.

तिसरी अडचण जड ॲक्सलची. डाव्या चाकाला दगड लागला तर पक्क्या ॲक्सलमुळे उजवी बाजूही हलते. शिवाय ॲक्सल, डिफरन्शियल, ड्रम, चाक हे सगळं वजन पाट्याच्या खाली असतं. ते एकदा उसळलं की आवरायला वेळ लागतो.

यातली शेवटची दोन कारणं गाडीबरोबर जन्माला आलेली आहेत. पहिल्या कारणावर मात्र बरंच काम करता येतं.

"मऊ" म्हणजे नेमकं किती?

गाडी पाट्यावर सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलते यावर आराम ठरतो. साध्या कारमध्ये हा वेग सेकंदाला एक ते दीड वेळा असतो. मालवाहू गाड्यांत दोन किंवा त्याच्याही वर जातो. माणसाच्या धडाला उभ्या दिशेने सर्वात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ या वेगाच्या कंपनांचा. पाटे ताठ किंवा गंजून जाम झाले की गाडी डोलायचं सोडून टायरवरच टणाटणा उडते आणि धक्के याच त्रासदायक पट्ट्याकडे सरकतात.

याचा सोपा हिशेब असा. गाडीच्या वजनाने पाटा जेवढे सेंटिमीटर दबतो, त्या आकड्याच्या वर्गमुळाने ५ ला भागायचं. पाटा ४ सेंटिमीटर दबत असेल तर डोलण्याचा वेग सेकंदाला अडीच, म्हणजे मालवाहू टेम्पोसारखा. ९ सेंटिमीटर दबत असेल तर १.७ च्या आसपास, म्हणजे बसण्यालायक. २५ सेंटिमीटर दबला तर बरोबर एक, पण एवढी जागा जीपच्या पाट्यात नसतेच. म्हणजे आपलं ध्येय जीपची कार करणं हे नाही. अडीचवरून दोनच्या खाली आलो तरी पाठीला फरक कळतो.

घरच्या घरी तपासणी : टेप आणि चार माणसं

गॅरेजला जाण्याआधी सपाट जागेवर, अंगणात किंवा शेडमध्ये, या दोन तपासण्या करा. अर्धा तास लागतो.

पहिली तपासणी घर्षणाची. गाडी सपाट उभी करा. मागचा बंपर दोघांनी जोर लावून खाली दाबा आणि हळूच सोडा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा. आता तोच बंपर दोघांनी वर उचला, हळूच सोडा, पुन्हा मोजा. पाटे मोकळे असतील तर दोन्ही मापं जवळपास सारखी येतात. जेवढा फरक जास्त, तेवढे पाटे एकमेकांना चिकटलेले. दोन-तीन सेंटिमीटर फरक येत असेल तर आधी पाटे साफ करण्याचंच काम आहे, नवीन काही विकत घ्यायची गरज नाही.

दुसरी तपासणी ताठपणाची. गाडी दोन-तीनदा हलवून स्थिर होऊ द्या आणि मागचं माप घ्या. मग वजन माहीत असलेली चार माणसं बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर बसवा, पुन्हा गाडी हलवून माप घ्या. समजा माणसांचं वजन २४० किलो आणि गाडी ३ सेंटिमीटर दबली, तर एक सेंटिमीटरला ८० किलो लागले. मागच्या पाट्यांवर गाडीचं स्वतःचं वजन ४५० किलो धरलं तर पाटा साडेपाच सेंटिमीटरच दबलेला आहे, म्हणजे डोलण्याचा वेग दोनच्या वर. माणसं बसूनही गाडी दीड सेंटिमीटरसुद्धा दबली नाही, तर पाट्यांच्या जुडीत काहीतरी जादा आहे हे पक्कं समजा.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर तीच माणसं बसवून पुन्हा मोजलं की फरक पडला की नाही हे मेस्त्रीच्या तोंडून ऐकायची गरज राहत नाही.

पहिलं काम : टायर आणि हवा

टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. बारीक खडी, डांबराचे उखडलेले तुकडे, साईडपट्टीच्या कडा हे छोटे धक्के टायरनेच गिळायचे असतात. पण हवा जास्त असेल तर टायर दगडासारखा होतो. पूर्वी गाडीत भरमसाट माणसं भरायची म्हणून ठासून हवा भरायची सवय लागली आणि आता घरचे तिघे-चौघे बसतात तरी हवा तीच राहिली, असं सर्रास दिसतं.

गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेला आकडा बघा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर वापराप्रमाणे निवडा. हवा नेहमी गाडी थंड असताना मोजायची, दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर आकडा आपोआप वाढलेला दिसतो. दिलेल्या आकड्याच्या खाली हवा ठेवून डांबरी रस्त्यावर पळवू नका, टायर आतून तापून फुटतो. खडकाळ चढणीला हवा थोडी कमी केली तर पकड आणि आराम दोन्ही मिळतात, पण डांबरीला लागण्याआधी ती परत भरायची सोय जवळ पाहिजे.

टायर घेताना त्यावरचं प्लाय रेटिंग बघा. ८ पीआरचा मालवाहू टायर ६ पीआरपेक्षा ताठ असतो. रेडियल टायरची बाजूची भिंत जुन्या नायलॉन टायरपेक्षा जास्त लवचिक असते, त्यामुळे रेडियलवर गाडी मऊ वाटते. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. "२३१६" म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर वाळून कडक झालेला असतो. हौसेखातर मूळ मापापेक्षा मोठा आणि जड टायर बसवला की पाट्याखालचं वजन वाढतं, म्हणजे आराम आणखी कमी होतो.

दुसरं काम : बुश, शॅकल आणि यू बोल्ट

पाटा दबला की तो लांब होतो. त्याला लांब व्हायला जागा मिळावी म्हणून एका टोकाला शॅकल असते. ती जाम झाली तर पाटा कितीही चांगला असला तरी वाकणार नाही.

जुन्या सीजे जीपला रबरी बुश नसून आट्यांचे धातूचे बुश आणि यू आकाराची शॅकल असते. तिला ग्रीस लागतंच. निप्पल मातीने बुजलेलं असलं की ग्रीसगन मारूनही ग्रीस आत जात नाही, बाहेरच सांडतं. निप्पल काढा, भोक साफ करा, दुसऱ्या बाजूने नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. काही शॅकलला उलटे आटे असतात, मेस्त्रीने जोर लावण्याआधी ते बघून घ्यावं.

जिप्सी, बोलेरो, थार यांना रबरी बुश आहेत. इथे एक चूक नेहमी होते. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बुशचे नट शेवटपर्यंत आवळले जातात. गाडी खाली उतरवली की रबर पीळ घेऊन बसतं, गाडी कडक होते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. नट हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-तीनदा हलवायची आणि मगच पक्के आवळायचे. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश जास्त टिकतात, पण रबरापेक्षा कडक असतात. आराम हवा असेल तर चांगल्या प्रतीचं रबरच बरं.

शॅकलचा कोनही बघा. गाडी उभी असताना शॅकल थोडी तिरकी असावी आणि पाटा दबला की तिला बाहेर झुकायला जागा असावी. पाट्याची कमान जास्त चढवलेली असेल तर शॅकल सरळ उभी राहते किंवा उलटी आत ओढली जाते. मग सुरुवातीचा प्रत्येक धक्का चॅसीला बसतो. उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल लावली की पुढच्या ॲक्सलचा कोन बदलतो आणि स्टेअरिंग भटकायला लागतं. घाटात हा जिवाशी खेळ आहे.

पाटे एकदा खोलले की यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवीनच घाला. ताणलेला बोल्ट परत पहिल्यासारखा धरत नाही. शंभरेक किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

तिसरं काम : पाटे खोलून साफ करणं

आपल्याकडचा पाऊस आणि तांबडी माती यामुळे पाट्यांच्या मधे गाळ जातो, तो वाळतो, गंज फुगतो आणि आठ पाटे मिळून जणू एकच जाड पट्टी होते. हा परिणाम मोठा असतो, कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ६ मिलिमीटरचा एक पाटा आणि ८ मिलिमीटरचा एक पाटा यात फरक दिसतो दोनच मिलिमीटरचा, पण ताठपणा जवळजवळ २.४ पट होतो. चिकटलेली जुडी बारीक धक्क्यांना हलतच नाही.

उपाय जुनाच आहे. कमानपाटेवाल्याकडे जुडी पूर्ण खोलायची, वायर ब्रशने गंज काढायचा, प्रत्येक पाटा उजेडात धरून चीर बघायची. विशेषतः सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि वरच्या पाट्याच्या टोकांनी लहान पाटा जिथे घासतो तिथे. तिथे खाच पडलेली असेल तर ती घासून गुळगुळीत करायची, खोल असेल तर पाटा बदलायचा. मग ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात देऊन जुडी बांधायची. पाट्यांच्या टोकांखाली नायलॉन किंवा तशाच कडक प्लास्टिकचे तुकडे बसवता आले तर घर्षण आणखी कमी होतं.

वॉशिंग सेंटरवर पाट्यांवर काळं ऑईल फवारायची पद्धत आहे. कुरकुर थांबते, पण हे ऑईल रबरी बुश फुगवून खराब करतं, त्यावर धूळ चिकटते आणि ब्रेक ड्रमवर गेलं तर ब्रेक धरत नाही. फवारणीपेक्षा पावसाळा संपल्यावर एकदा स्वच्छ धुणं आणि दोन-तीन वर्षांनी जुडी खोलणं जास्त फायद्याचं.

पाटा कमी करावा का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर गाडीच्या इतिहासावर आहे. गाडी पूर्वी वडापला असेल तर तिच्या जुडीत कंपनीपेक्षा एक-दोन पाटे जादा असण्याची दाट शक्यता असते. मूळ गाडीला किती पाटे होते हे पुस्तकातून किंवा त्याच मॉडेलच्या न छेडलेल्या गाडीवरून खात्री करा आणि जादा तेवढे काढा. हे गाडी मूळ स्थितीला आणणं झालं, त्यात धोका नाही.

मूळ संख्येपेक्षा कमी करायचं असेल तर मात्र हिशेब समजून घ्या. सारख्या जाडीच्या ८ पाट्यांतले २ काढले तर ताठपणा साधारण चौथाईने कमी होतो. पण तेच वजन आता ६ पाट्यांवर येतं, म्हणजे प्रत्येक पाट्यावरचा ताण ३३ टक्के वाढतो. गाडी घरच्या दोघा-तिघांसाठीच वापरायची असेल तर हे चालू शकतं. पण त्याच गाडीत सुगीला खताची पोती आणि लग्नसराईत दहा माणसं भरायची असतील तर पाटा मोडणार, तोही भरल्या गाडीत आणि बहुधा घाटात.

काही नियम पाळायचेच. सर्वात वरचा, डोळ्यांचा मुख्य पाटा आणि त्याला टोकाशी आधार देणारा दुसरा पाटा कधीही काढायचा नाही. काढायचा तर मधला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा सारखाच काढायचा. काम झाल्यावर भरलेल्या गाडीत ॲक्सल आणि बंप रबर यांच्यात पुरेशी जागा उरते का ते बघायचं. ती जागा संपली तर प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल सरळ चॅसीवर आदळणार, म्हणजे मऊ पाट्याचा काही उपयोग नाही.

बसलेले पाटे पुन्हा कमानीत आणायचे असतील तर ते थंड ठोकून आणणारा कारागीर शोधा. भट्टीत लालबुंद करून वाकवलेला पाटा त्याची मूळ उष्णता-प्रक्रिया गमावतो आणि थोड्या दिवसांत परत बसतो किंवा तुटतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू नये.

पॅराबोलिक पाटे

मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जाणारे दोन-तीनच पाटे, जे फक्त मध्यभागी आणि टोकांना एकमेकांना टेकतात, त्यांना पॅराबोलिक पाटे म्हणतात. घर्षण खूप कमी असल्याने बारीक धक्के छान गिळले जातात. नव्या बोलेरोला मागे अशाच प्रकारचे पाटे येतात. जुन्या गाडीला बसवायचे तर त्याच मॉडेलसाठी बनवलेले, वजनाची क्षमता लिहून दिलेलेच घ्यावेत. जुन्या जुडीतलं घर्षण थोडंफार शॉकॲबचं काम करत होतं, ते गेल्यामुळे चांगले शॉकॲब सोबत लागतातच. नाहीतर गाडी होडीसारखी डोलत राहते.

शॉकॲब : मऊपणासाठी नव्हे, आवरण्यासाठी

शॉकॲब गाडीचं वजन पेलत नाही. पाटा उसळला की त्याला आवरणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे पाटे जाम असताना कितीही भारी शॉकॲब घातले तरी धक्का तसाच राहतो. हा खर्च चौथ्या नंबरला ठेवायचं कारण हेच.

मेलेला शॉकॲब ओळखायची सोपी खूण अशी. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि हात जवळ नेऊन चारही शॉकॲबची धग बघा. काम करणारा कोमट-गरम होतो, मेलेला थंडच राहतो. बाहेर तेल ओघळलेलं असेल किंवा नळीला चेप असेल तर तो बदला आणि बदलताना एका ॲक्सलची जोडी बदला. लांबी महत्त्वाची आहे. पाटा पूर्ण दबल्यावर शॉकॲब आत टेकायला नको आणि पूर्ण सुटल्यावर ताणला जायला नको. गॅसचे शॉकॲब तेलात फेस होऊ देत नाहीत, सलग खडबडीत रस्त्यावर त्याचा उपयोग होतो. पण भरलेल्या गाडीसाठी बनवलेला कडक गॅस शॉकॲब रिकाम्या जिप्सीला लावला तर गाडी आणखी आदळते.

जुनी थार आणि बोलेरो : पुढच्या बाजूचं वेगळं गणित

२०१० साली आलेल्या पहिल्या थारला मागे पाटे असले तरी पुढे टॉर्शन बार आहे, तर बोलेरोला पुढे कॉईल स्प्रिंग. थारचा टॉर्शन बार आवळून पुढची उंची वाढवायची फॅशन आहे. बार आवळला म्हणून तो जास्त ताठ होत नाही, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक खाली जाण्याऐवजी शेवटच्या टोकाला खाडकन आदळतं. अशी गाडी असेल तर उंची कंपनीच्या मापावर परत आणणं हाच सर्वात स्वस्त उपाय आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी.

पुढचं आणि मागचं यांचाही मेळ लागतो. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणारे मॉरिस ओली यांनी दाखवून दिलं की पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी मऊ असेल तर खड्ड्यानंतरचे हेलकावे लवकर शांत होतात. म्हणून फक्त मागचे पाटे मऊ करून पुढचे गंजलेले तसेच ठेवले तर गाडी झुलायला लागते. काम दोन्हीकडचं करावं.

बसायची जागा विसरू नका

सगळे पैसे गाडीखाली घालवले जातात आणि वीस वर्षांपूर्वीचा, भुसा झालेला फोम तसाच राहतो. सीटचा फोम चांगल्या घनतेचा घाला. फार मऊ फोम पहिल्याच धक्क्याला तळ गाठतो. मागच्या लांब बाकांवर माणूस आडवा बसतो आणि तो बरोबर ॲक्सलच्या वर, म्हणजे धक्का सगळ्यात जास्त तिथेच. पेशंट, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना शक्यतो पुढे तोंड केलेल्या सीटवर, दोन ॲक्सलच्या मधल्या जागेत बसवा, पाठीला आधार द्या आणि वेग कमी ठेवा.

बॉडी आणि चॅसीच्या मधले रबर, इंजिनचे माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हेही तपासा. बरेचदा आपण ज्याला गचका म्हणतो तो सुकलेल्या बॉडी रबराचा खडखडाट असतो.

रिकाम्या गाडीत मागे एखादं-दोन वाळूची पोती टाकायची जुनी युक्ती खरंच काम करते, कारण वजन वाढलं की डोलण्याचा वेग कमी होतो. पण पोती पक्की बांधा. अचानक ब्रेक लागला तर ५० किलोचं पोतं पुढच्या माणसाच्या पाठीत येतं.

फोर व्हीलचा दांडा कधी टाकायचा?

या जुन्या गाड्यांत फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. चिखलात चाक घसरून तो ताण निघून जातो. कोरड्या डांबरीवर वळण घेताना तो निघत नाही, स्टेअरिंग जड होतं, गाडी हिसके देते आणि क्रॉस, गिअर यांचं आयुष्य कमी होतं. पाटगावकडून चिखल संपवून डांबरीला लागलात की दांडा टू व्हीलवर घ्या. पुढच्या चाकांना फिरवायचे हब असतील तर तेही मोकळे करा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली, कंपनीने दिलेली माहिती बदलेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२ अ (४) नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मापाचे टायर, शॉकॲब, बुश, पाटे बदलणं ही दुरुस्ती झाली. पण चॅसीला वेल्डिंग करून पाट्यांच्या जागी कॉईल बसवणं, ॲक्सल बदलणं ही कामं आरटीओला विचारल्याशिवाय करू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. त्यावेळी गाडी तपासली जाते आणि असे बदल तिथे अडकतात. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

थोडक्यात कामाचा क्रम

१. हवा आणि टायर तपासा. खर्च जवळजवळ नाही.
२. घर्षण आणि ताठपणाची मापं घेऊन वहीत लिहा.
३. शॅकलला ग्रीस, सुकलेले बुश बदला, नट गाडी चाकांवर असताना आवळा.
४. पाटे खोलून साफ करा, पूर्वी घातलेले जादा पाटे काढा, यू बोल्ट नवीन घाला.
५. शॉकॲबची जोडी बदला.
६. सीटचा फोम आणि बॉडीचे रबर बदला.
७. एवढं करूनही समाधान नसेल तरच पॅराबोलिक पाट्यांचा विचार करा.

प्रत्येक कामानंतर आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवा आणि मगच पुढच्या कामाला हात घाला. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला हे कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं हेही कळत नाही.

गॅरेजवाल्याला काम देताना तीन प्रश्न जरूर विचारा. मूळ गाडीला किती पाटे होते? काढलेला जुना माल परत मिळेल का? आणि यू बोल्ट पुन्हा आवळायला गाडी कधी आणायची? ज्याला ही तीन उत्तरं न अडखळता देता येतात, त्याच्याकडे गाडी सोडायला हरकत नाही.